जाहिरातीत संगणकाचा पूर्ण मॉडेल क्रमांक छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या वृत्तपत्रात संगणकांच्या आणि लॅपटॉपच्या पानभर जाहिराती येतात. त्यांत यंत्राचं वर्णन केवढं असतं? 'आय-फाइव्ह, ८ जीबी, ५१२ जीबी.' बस. बाकी जागा चित्राला आणि हप्त्याच्या आकड्याला. एवढ्या वर्णनावर दोन यंत्रं शेजारी ठेवून ताडून बघता येत नाहीत. मग घरच्या माणसाने निवड करायची ती कशावरून? या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहिते आहे. ते लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

मी ३१ वर्षं एका कारखान्याच्या खरेदी विभागात होते. माझ्या टेबलावर 'बेअरिंग, ४ नग' असं मागणीपत्र आलं, की मी ते सही न करता परत पाठवत असे. कोणतं बेअरिंग? ६२०४ असं लिहिलं तर आतला व्यास २० मिलिमीटर, बाहेरचा ४७ आणि रुंदी १४, हे जगात कुठेही कळतं. पण तेवढ्यानेही भागत नाही. आकड्यापुढे झेडझेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असतात, टूआरएस असेल तर रबराची. पाण्याचा शिंतोडा उडतो अशा जागी झेडझेड बसवलं तर पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि बेअरिंग आवाज करू लागतं. शेवटच्या दोन अक्षरांपायी अख्खं मशीन थांबलेलं मी पाहिलं आहे. 

ही शिस्त मी घरच्या खरेदीत पाळली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही घरात एक लॅपटॉप घेतला. तिघांनी मिळून वापरायचा होता. नातीचा अभ्यास, माझ्या यजमानांचे जुने फोटो (ते निगेटिव्ह स्कॅन करून एकेका फोटोखाली साल आणि माणसांची नावं लिहून ठेवतात) आणि दोन-तीन छोट्या व्यावसायिकांचे हिशेब मी लिहिते ते. रॅमबद्दल, म्हणजे चालू काम मांडून ठेवायच्या तात्पुरत्या जागेबद्दल, दुकानात मी नेमका प्रश्न विचारला होता, "आठ जीबी रॅम पुरेल का?" उत्तर आलं, "आज पुरेल, पुढे वाटलं तर वाढवता येते, पाच मिनिटांचं काम." मला ते पटलं. पैसे भरून आम्ही खोकं घेऊन घरी आलो.

वर्षभर बरं चाललं. मग नातीचा ऑनलाइन तास चालू असताना मी हिशेबाची फाइल उघडली, की सगळं अडखळू लागलं. तासातल्या बाईंचा चेहरा गोठायचा आणि आवाज तुटायचा. नात काही बोलायची नाही, नुसती माझ्याकडे बघायची. मी फाइल बंद करायचे. असं का होतं ते मी नंतर समजून घेतलं. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रात पडद्यावरच्या चित्रासाठी लागणारी जागासुद्धा त्याच आठ जीबीतून जाते. उरलेल्यात विंडोज, ब्राउझर आणि प्रत्येक उघडा टॅब आपापला वाटा घेतात. रॅम भरली की संगणक जास्तीचा माल एसएसडीवर, म्हणजे फाइली कायमच्या साठवणाऱ्या डिस्कवर, नेऊन ठेवतो आणि लागेल तसा परत आणतो. एसएसडी कितीही चांगली असली तरी रॅमपेक्षा फार हळू, म्हणून ते थांबणं. यावर उपाय रॅम वाढवणं हाच होता आणि ती वाढवता येते असं मला सांगितलेलं होतं.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाने मागचं झाकण उघडलं आणि लॅपटॉप माझ्याकडे फिरवला. रॅमच्या चिप थेट मदरबोर्डवर, म्हणजे मुख्य बोर्डावर, सोल्डर केलेल्या (डाख देऊन पक्क्या बसवलेल्या) होत्या. दुसरी पट्टी बसवायला स्लॉटच नव्हता. "आजी, यात कधीच वाढणार नाही. घेताना कुणी सांगितलं नाही?" मी घरी येऊन पावती काढली. पावतीवर कंपनीचं नाव आणि पुढे 'लॅपटॉप, १ नग'. मॉडेल क्रमांक नाही, रॅमचा प्रकार नाही. दुकानात जाऊन दाद मागायला माझ्या हातात कागदच नव्हता. 'बेअरिंग, ४ नग' लिहिलेलं मागणीपत्र परत पाठवणाऱ्या बाईने स्वतःच्या घरासाठी 'लॅपटॉप, १ नग' ही पावती घेतली होती. त्या यंत्राचा क्रमांक, सगळ्या अक्षरांसकट, जाहिरातीत आणि पावतीवर असता, तर घरी बसून दहा मिनिटांत शोधता आलं असतं की रॅम सोल्डर केलेली आहे. एलपीडीडीआर असं लिहिलेली रॅम लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा अशीच असते. काही यंत्रांत अर्धी सोल्डर केलेली आणि अर्ध्यासाठी एक स्लॉट असतो, काहींत सगळी रॅम स्लॉटमध्येच बसवलेली असते. 'आठ जीबी' या दोन शब्दांत हे तिन्ही प्रकार एकसारखे दिसतात.

प्रोसेसरचं, म्हणजे सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपचंही तेच. 'आय-फाइव्ह' हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरचं नाव बाजारात २००९ पासून आहे. एवढ्या वर्षांत त्या नावाखाली काय काय विकलं गेलं, ते क्रमांकच सांगतो. आय-फाइव्ह ७२००यू मध्ये दोन कोअर (एकाच वेळी काम करणारे गाभे) होते, त्याच्या पुढच्याच पिढीतल्या ८२५०यू मध्ये चार, आणि डेस्कटॉपच्या १३६००के मध्ये चौदा. नाव तिघांचं एकच! क्रमांकाच्या सुरुवातीचा आकडा पिढी सांगतो (८२५० म्हणजे आठवी, १२४०० म्हणजे बारावी) आणि शेवटचं अक्षर स्वभाव सांगतं. लॅपटॉपमध्ये यू म्हणजे कमी वीज घेणारा, एच म्हणजे जास्त वीज घेऊन जोरात चालणारा. एएमडी कंपनीच्या रायझन या नावाच्या ज्या लॅपटॉप प्रोसेसरांचा क्रमांक सात हजारांत आहे, त्यांत तिसरा आकडा बघावा लागतो. ७५२०यू, ७५३०यू आणि ७५४०यू हे शेजारी शेजारी ठेवले तर सख्खी भावंडं वाटतात. पण तिसरा आकडा २ असेल तर आतली रचना झेन २, म्हणजे मूळची २०१९ ची. ३ असेल तर झेन ३, २०२० ची. ४ असेल तर झेन ४, २०२२ ची. पहिला ७ मात्र तिघांनाही सारखाच नवा दाखवतो. हा क्रम कंपनीने स्वतःच जाहीर केलेला आहे, लपवलेलं काही नाही. पण जाहिरातीत 'रायझन ५' एवढंच छापलं तर वाचणाऱ्याला तो तिसरा आकडा दिसणार कसा?

या वर्षी आम्ही पुन्हा खरेदीला बसलो, तेव्हा मी आधी मागणीपत्र लिहिलं. घरात, जेवणाच्या टेबलावर, तिघांना समोर बसवून. कोण काय काम करतं, एकाच वेळी काय काय उघडं असतं, यंत्र घराबाहेर न्यावं लागतं का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' आलं आणि तिथेच लॅपटॉपचा विषय संपला. घरात एकाच टेबलावर राहणारं यंत्र असेल तर डेस्कटॉप घ्यावा, असं माझं ठाम मत झालं आहे. त्यात रॅम वाढते, डिस्क बदलते, कीबोर्ड बिघडला तर कीबोर्डच बदलायचा. पुस्तकाएवढे छोटे डेस्कटॉपही मिळतात, पण त्यांतल्या काहींत रॅम पुन्हा सोल्डर केलेलीच असते, म्हणून आम्ही उभ्या कॅबिनेटचा निवडला. १६ जीबी रॅम, तीही आठ-आठच्या दोन पट्ट्यांत, कारण दोन पट्ट्या असल्या की प्रोसेसर दोन वाटांनी माहिती ओढतो आणि त्याच्यातल्या ग्राफिक्सला त्याचा चांगला उपयोग होतो. पण बोर्डावर चार स्लॉट हवेत, पुढे वाढवायला दोन रिकामे.

आता घ्यायचा कुठून? कंपनीचा तयार डेस्कटॉप घेतला तर सगळ्याची वॉरंटी एकाच ठिकाणी मिळते, ही मोठी सोय आहे. पण अशा काही यंत्रांत मदरबोर्ड आणि वीजपुरवठ्याचे जोड त्या कंपनीचे स्वतःचे, वेगळ्याच घडणीचे असतात. वॉरंटी संपल्यावर एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) गेला तर बाजारातला साधा एसएमपीएस त्यात बसत नाही. सुटे भाग घेऊन जोडून घेतलेल्या संगणकात प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, प्रत्येकाचं खोकं आणि पावती जपावी लागते; पण प्रत्येक भाग बदलता येतो. कागद जपायची मला सवय आहे, तेव्हा आम्ही जोडूनच घ्यायचं ठरवलं. ज्यांना ती सवय नाही आणि घरात बघणारं कुणी नाही, त्यांनी खुशाल तयार यंत्र घ्यावं, पण वॉरंटीत माणूस घरी येतो की यंत्र उचलून केंद्रात न्यावं लागतं, हे लिहून घ्यावं. 

ऑनलाइन बाजाराबद्दल एक गोष्ट कबूल करायला हवी. पूर्ण मॉडेल क्रमांक मला तिथेच सगळ्यात सहज मिळाला. पानाच्या तळाशी का होईना, पण असतो. मात्र संकेतस्थळ एकाचं आणि विकणारा दुसराच, असं तिथे वारंवार असतं. पावती त्या विकणाऱ्याच्या नावाची येते. म्हणून विकणारा कोण आहे, त्याच्याकडचा माल कंपनीच्या वॉरंटीत बसतो का आणि परत करायची मुदत किती, हे पैसे भरण्याआधी वाचावं. खोकं उघडताना सुरुवातीपासून सलग चित्रीकरण करावं, आत वेगळाच माल निघाला तर तेच कामी येतं.

मॉनिटर मात्र वाचून घेण्याची वस्तू नव्हे. माझे यजमान पेनड्राइव्हवर आपलेच तीन फोटो घेऊन दुकानात गेले. एका फोटोत माझ्या सासूबाई सावलीत बसलेल्या आहेत, गडद रंगाच्या साडीत. दोन मॉनिटरवर तो फोटो लावला. दोन्ही २४ इंची, दोन्ही १९२० बाय १०८०. एकावर समोरून ठीक दिसलं, पण यजमान उभे राहिले आणि वरून बघू लागले तशी साडी आणि सावली एक झाली. तो टीएन या प्रकारच्या पॅनेलचा (आतल्या पडद्याचा) होता. दुसरा आयपीएस या प्रकारचा होता, त्यावर उभं राहून, बाजूला सरकून, कुठूनही बघितलं तरी साडीचा काठ दिसत होता. "हा घ्यायचा," एवढंच ते म्हणाले. जाहिरातीत दोन्ही मॉनिटरसाठी शब्द एकच होते, '२४ इंच फुल एचडी'.

मग मी तीन दुकानांतून कोटेशन मागवलं आणि ती शेजारी शेजारी ताडून बघायला एक तक्ता आखला. एका दुकानदाराने मागणीपत्र वाचून विचारलं, "बाई, एवढं कोण लिहून देतं? आमच्यावर विश्वास नाही का?" मी म्हटलं, विश्वास आहे म्हणून तर आत आले, लिहून मागते ते दोन वर्षांनी आपल्या दोघांनाही आठवावं म्हणून. त्यांनी दिलं, पण 'आय-फाइव्ह बारावी पिढी, ५१२ एसएसडी, चांगला एसएमपीएस' असं. या शब्दांचं तक्त्यात काहीच करता येईना. मी तो रकाना तसाच रिकामा सोडला.

सगळ्यात कमी दर तिसऱ्या दुकानाचा होता आणि त्यांनी क्रमांक पूर्ण लिहिले होते, याचं मला कौतुक वाटलं. पहिल्या दुकानाने आय-फाइव्ह १२४०० लिहिलं होतं, यांनी १२४००एफ. मी त्या एफवर पेन्सिलने गोल केला. एफ म्हणजे या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं नाही तर मॉनिटर जोडूनही पडद्यावर काही उमटणार नाही. आणि कोटेशनात ग्राफिक्स कार्डाची ओळच नव्हती. फोन केला तर म्हणाले, "हो, कार्ड लागेलच, ते नंतर धरू." कार्ड धरल्यावर सगळ्यात कमी असलेला दर सगळ्यात जास्त झाला. ज्याला खेळांसाठी मोठं कार्ड घ्यायचंच आहे, त्याच्यासाठी एफ योग्य आहे. तो दोष नाही. पण हे एक अक्षर कागदावर नसतं तर मी कमी दर बघून होकार दिला असता. 

एसएसडीची ओळ अशीच तपासली. '५१२ जीबी एम-टू' असं लिहिलं तरी त्यात दोन प्रकार येतात, कारण एम-टू हे पट्टीच्या आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटा ही जुनी जोडणी असेल तर वेग सेकंदाला साधारण ५५० मेगाबाइटवर थांबतो, एनव्हीएमई ही नवी जोडणी असेल तर पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाच्या तिसऱ्या पिढीवरसुद्धा ३,५०० पर्यंत जाऊ शकतो. (घरी जोडल्यावर ५१२ च्या जागी ४७६ दिसतात. त्यात फसवणूक नाही. बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या पटीत.) एसएमपीएसच्या ओळीत वॅटबरोबर '८० प्लस' (वीज कमी वाया घालवण्याचं प्रमाणपत्र) आहे का ते पाहिलं. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस मी नाकारला. सगळ्या भागांना वीज त्याच्यातून जाते आणि दर कमी दाखवायला सगळ्यात आधी त्याच्यावरच कात्री चालते. वीज जाते तिथे यूपीएस हवाच, पण ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. अशा बऱ्याच यूपीएसवर वॅटचा आकडा ३६० लिहिलेला असतो.

विंडोजबद्दल दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे "टाकून देतो ना." हे ऐकून गप्प बसू नये. परवाना दिलाय का, आणि कोणता, हे पावतीवर हवं. यंत्राबरोबर येणारा ओईएम परवाना त्या मदरबोर्डाशी बांधलेला असतो, बोर्ड बदलला तर तो सहसा सोबत येत नाही. वेगळा घेतलेला रिटेल परवाना पुढच्या यंत्रावर नेता येतो. ज्यांना परवान्याचा खर्च नको त्यांनी विंडोजऐवजी सरळ लिनक्स ही प्रणाली घ्यावी, ती मोफत आणि कायदेशीर आहे. 

वापरलेला, नूतनीकरण केलेला संगणक घेणाऱ्यांना एकच सांगते. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा नियमित आधार (सुरक्षेच्या सुधारणा वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर जवळपास सगळ्याच बाबतींत आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो. सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रं स्वस्तात निघत आहेत ती यामुळे. 'आय-फाइव्ह, उत्तम स्थितीत' एवढ्या शब्दांत ही पिढी कुठेच दिसत नाही.

हल्ली यंत्रांवर 'एआय' असंही लिहिलेलं असतं. आमच्या घरच्या कामांना त्याची गरज नव्हती, म्हणून मी त्यात शिरले नाही. पण मे २०२४ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या कोपायलट प्लस पीसी या शिक्क्यामागे निदान आकडे तरी आहेत. सेकंदाला ४० लाख कोटी क्रिया करणारा एनपीयू (एआयच्या कामासाठीचा वेगळा प्रोसेसर), किमान १६ जीबी रॅम, किमान २५६ जीबी साठा. नुसत्या 'एआय' या शब्दामागे असा एकही आकडा असायलाच हवा असं नाही.

यंत्र घरी आलं त्या दिवशी मी कारखान्यात माल उतरवून घ्यायचे तशी तपासणी केली. खोक्यांवरचे अनुक्रमांक पावतीशी ताडले. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर मेमरी उघडली, तिथे चारपैकी दोन स्लॉट भरलेले दिसले. (लॅपटॉप दुकानात मांडलेला असेल तर हेच पान तिथेच उघडून बघा. 'फॉर्म फॅक्टर'समोर 'रो ऑफ चिप्स' दिसलं तर रॅम सोल्डर केलेली आहे.) क्रिस्टलडिस्कइन्फो या मोफत प्रोग्रॅममध्ये एसएसडी किती तास चाललेली आहे ते पाहिलं, तो आकडा शून्य होता. मॉनिटरवर पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे कोरे पडदे लावून नातीने मेलेला ठिपका शोधला, मिळाला नाही. मग मी चलनावर सही केली. आता नातीचा तास आणि माझा हिशेब एकाच वेळी चालतो.

संपादक महोदय, औषधाच्या पट्टीवर नुसतं 'तापाची गोळी' छापलेलं आपण घेत नाही. घटक आणि मिलिग्रॅम बघतो. संगणकाच्या जाहिरातीत छापायला लागतं ते फार नाही. यंत्राचा पूर्ण मॉडेल क्रमांक. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरासकट. रॅम किती, सोल्डर केलेली की स्लॉटमध्ये, आणि रिकामे स्लॉट किती. एसएसडी साटा की एनव्हीएमई. पडद्याचं पॅनेल आणि रिझोल्यूशन. विंडोजचा परवाना आहे की नाही. वॉरंटी किती वर्षं आणि माणूस घरी येतो की नाही. बारीक टाइपात चार ओळी होतात. मी आपल्याच एका जाहिरातीवर पट्टी ठेवून मोजलं, हप्त्याच्या आकड्याभोवतीच्या तारेच्या चित्राएवढीसुद्धा जागा लागत नाही. आपल्या जाहिरात विभागाने संगणकाच्या जाहिराती घेताना एवढ्या चार ओळी मागाव्यात, ही माझी विनंती आहे. दुकानदारांना ही माहिती मिळवता येते, त्यातली बरीचशी खोक्यावरच छापलेली असते.

माझ्या तुलनात्मक तक्त्याचा कोरा नमुना या पत्रासोबत जोडला आहे. जागा असेल तर तो छापावा, म्हणजे वाचकांना कापून दुकानात नेता येईल.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त खरेदी अधिकारी